प्लेटलेट्स उतरल्या आणि रक्त साकळलं

डेंग्यूची साथ आली की आपल्याकडे घरोघरी एकच प्रश्न ऐकू येतो : ‘आज किती आल्या?’ प्लेटलेट्स दीड ते चार लाख असाव्यात, हे आता वैद्यकाशी काही संबंध नसलेल्यांनाही पाठ झालं आहे. आकडा खाली आला की रक्तस्रावाची धास्ती. डेंग्यूपुरती ती रास्तही आहे. पण प्लेटलेट्स झपाट्यानं उतरत असताना त्याच शरीरात रक्त साकळून गुठळ्याही होऊ शकतात. काही विषाणू हे घडवून आणतात.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या डॉक्टरांपुढे पाच वर्षांचा एक मुलगा आला. त्याला अ‍ॅडिनोव्हायरसचा संसर्ग झाला होता. सर्दी, घसा, डोळे येणं अशा नेहमीच्या दुखण्यांमागे असणारा हा विषाणू. पण या मुलाच्या मेंदूतल्या शिरेत मोठी गुठळी झाली होती आणि प्लेटलेट्स तळाला गेल्या होत्या. असं चित्र दिसलं की रक्ततज्ज्ञ आधी विचारतात, हेपॅरिन दिलं होतं का? रक्त गोठू नये म्हणून देतात ते हे औषध. क्वचित काही रुग्णांत ते उलटतं. या मुलाला ते दिलेलं नव्हतं. कोविडची लसही त्यानं घेतली नव्हती.

लसीची चौकशी करण्यामागे कारण होतं. 2021च्या वसंतात जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्ड विद्यापीठाच्या आंद्रेआस ग्राइनाखर यांनी अ‍ॅस्ट्राझेनेकाची लस घेतल्यावर गुठळ्या झालेले किंवा प्लेटलेट्स उतरलेले 11 रुग्ण तपासले होते. हीच लस आपल्याकडे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं कोविशील्ड या नावानं तयार केली. चिंपांझीचा, वाढू न शकणारा अ‍ॅडिनोव्हायरस हे तिचं वाहन. प्लेटलेट्समधून ‘पीएफ-4’ नावाचं एक प्रथिन बाहेर पडतं. या रुग्णांच्या रक्तात नेमकी त्याच्याच विरुद्ध प्रतिपिंडं सापडली. त्या जोडगोळीनं प्लेटलेट्स चेतवल्या जातात, एकमेकींना चिकटतात, गुठळ्यांत खर्ची पडतात. म्हणून मोजणीत आकडा घसरलेला दिसतो. ही गुंतागुंत अतिशय विरळ. ब्रिटनमध्ये पन्नाशीच्या आतल्यांत साधारण 50 हजारांत एक असा तिचा अंदाज निघाला.

त्या मुलाच्या रक्तातही हीच प्रतिपिंडं होती. नॉर्थ कॅरोलायनातल्या डॉ. जॅकलिन बास्किन-मिलर आणि डॉ. स्टीफन मॉल यांनी इतर डॉक्टरांकडे विचारणा केली, तेव्हा अ‍ॅडिनोव्हायरसच्याच संसर्गानंतर आजारी पडलेल्या एका स्त्रीची हकिकत हाती आली. तिला हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, हातापायांत गुठळ्या असं सगळंच झालं होतं. ऑगस्ट 2023मध्ये हे निष्कर्ष ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आले. मला हा शोध फार मोलाचा वाटतो. लसीवरच्या वादात ज्याची चर्चा झाली, तेच रानातल्या, म्हणजे नैसर्गिक विषाणूनंही घडतं, हे त्यानं दाखवलं. आणि उपचाराची दिशाही बदलली. अशा रुग्णाला घरचे म्हणतील, प्लेटलेट्स चढवा. पण त्यानं गुठळ्यांना खतपाणीच मिळू शकतं. इथे हेपॅरिन टाळून रक्त पातळ करणारी दुसरी औषधं आणि शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन देतात. त्याआधी योग्य तपासणी व्हायला हवी, कारण हेपॅरिनच्या दुष्परिणामासाठी वापरतात त्यांतल्या काही झटपट चाचण्यांत ही प्रतिपिंडं निसटून जातात.

हा झाला दुर्मीळ प्रकार. विषाणू आणि गुठळी यांचं नातं त्याहून रुंद आहे. एकोणिसाव्या शतकात रुडॉल्फ विर्शो यांनी मांडलेल्या विचारांतून गुठळीची तीन कारणं सांगितली जातात : रक्तवाहिनीच्या अस्तराला इजा, मंदावलेला प्रवाह, आणि रक्ताचाच गोठण्याकडे वाढलेला कल. अंथरुणाला खिळवणारा विषाणूजन्य ताप ही तिन्ही एकाच वेळी घडवू शकतो. शिवाय जंतूला एका जागी कोंडून ठेवायला शरीर गोठण्याची यंत्रणा वापरतं. पांढऱ्या पेशी आपल्या डीएनएच्या जाळ्या बाहेर फेकतात आणि त्यांत प्लेटलेट्स अडकतात. हे संरक्षण हाताबाहेर गेलं की गुठळी.

फ्लूचंच घ्या. कॅनडातल्या ओंटारिओत फ्लूचं निदान प्रयोगशाळेत पक्कं झालेल्या लोकांच्या नोंदी तपासल्या. निदानानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्यासाठी रुग्णालयात जाण्याचं प्रमाण एरवीच्या सहापट निघालं. हा अभ्यास 2018चा, कोविडच्या आधीचा. पुढे स्वीडनमध्ये कोविड झालेल्या दहा लाखांहून अधिक लोकांचा मागोवा घेतला गेला. पायातल्या खोल शिरेत गुठळी होण्याचा धोका तीन महिने आणि फुप्फुसातल्या गुठळीचा सहा महिने वाढलेला आढळला. ताप तर पहिल्या आठवड्यातच उतरलेला असतो.

आपल्याकडे आजारपणातून उठलेल्या माणसाची पोटरी दुखू लागली की अशक्तपणा म्हणून तेल लावून चोळतात. मायेनंच चोळतात. पण एकाच पायाला सूज, ऊब आणि दुखरेपणा असेल तर तिथे गुठळी असू शकते. चोळताना तिचा तुकडा सुटून फुप्फुसात जाऊ शकतो. तेव्हा असा पाय चोळू नका, डॉक्टरांना दाखवा. तापानंतर अचानक दम लागला, छातीत दुखलं, किंवा कधी नव्हे इतकं डोकं दुखून कमी होईना, तर त्याच वेळी रुग्णालय गाठा. आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपण होऊन सांगा : ‘गेल्या महिन्यात ताप येऊन गेलाय.’