उभ्या गाडीचेही वय वाढते

जालना जिल्ह्याच्या उत्तर भागात पूर्णा आणि केळना या नद्यांच्या काठी वसलेल्या जाफराबादच्या रस्त्यांवर ट्रॅक्टर, जीप आणि दुचाकी यांचीच वर्दळ अधिक असली, तरी वेगासाठी घडवलेल्या मोटारी या भागाला परक्या नाहीत. जालना–छत्रपती संभाजीनगर रस्त्यालगतच्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीत २००१ पासून स्कोडाच्या ऑक्टाव्हिया गाडीची जुळणी होऊ लागली आणि २००४ मध्ये तिचीच व्हीआरएस ही अधिक जोमदार आवृत्ती भारतात आली, जिच्यात १.८ लिटरचे, टर्बो बसवलेले, १५० अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन होते. त्याच सुमारास मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाटची पालियो १.६ बाहेर पडत होती, तर गोव्यात फायबरग्लासच्या अंगाची आणि रेनोच्या ११४९ सीसी इंजिनाची सॅन स्टॉर्म ही दोन आसनी उघडी गाडी तयार होत होती. या सर्व गाड्या आज वीस वर्षांच्या आगेमागे आहेत आणि नव्या छोट्या मोटारीपेक्षाही कमी किमतीत मिळत असल्यामुळे तालुक्याच्या गावांतले हौशी तरुण त्या घेतात, मनापासून सांभाळतात आणि बहुतेक दिवस पत्र्याच्या शेडमध्ये झाकून ठेवतात.

अशा गाडीची किंमत ठरवताना पाहिला जातो तो किलोमीटरचा आकडा. साठ हजार किलोमीटर चाललेली गाडी लाखभर चाललेल्या गाडीपेक्षा चांगली, हा हिशोब रोज धावणाऱ्या वाहनाला बऱ्याच अंशी लागू पडतो. मात्र आठवड्यातून एकदा बाहेर निघणाऱ्या जुन्या वेगवान गाडीच्या बाबतीत तो फसवा ठरतो, कारण तिच्या सुरक्षिततेचा आणि आयुष्याचा भार ज्या दोन वस्तूंवर सर्वाधिक असतो, ते टायर आणि इंजिन ऑइल, धावण्याइतकेच काळाने आणि उष्णतेनेही जीर्ण होतात. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी आणि पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरणास येते, म्हणजे २००४ ची गाडी २०१९ आणि २०२४ अशा दोन वेळा तपासणीतून गेलेली असते. परंतु ती तपासणी त्या दिवशीची स्थिती पाहते, गाडी त्याआधी किती वर्षे एकाच जागी उभी होती हे विचारत नाही.

टायरचे रबर हे निव्वळ रबर नसते. त्यात काजळी, गंधक, तेले आणि हवेतील प्राणवायू व ओझोन यांपासून बचाव करणारी रसायने मिसळलेली असतात, आणि टायर धावत असताना, वाकत असताना ही संरक्षक रसायने आतून पृष्ठभागाकडे सरकत राहतात. उभ्या गाडीच्या टायरमध्ये ही हालचाल थांबते. मे महिन्यात चाळीस अंशांच्या वर गेलेल्या उन्हात पत्र्याखालची हवा तापते, रबरातील तेल हळूहळू कमी होते, रबर कडक होते आणि टायरच्या बाजूच्या भिंतीवर केसासारख्या बारीक चिरा दिसू लागतात. वरची नक्षी मात्र अगदी नवी वाटते आणि त्यामुळे धोका लपून राहतो. मोटारीच्या टायरची खाच किमान १.६ मिलिमीटर खोल असावी असा कायद्याचा दंडक आहे, आणि खाचांच्या तळाशी असलेले छोटे उंचवटे नक्षीच्या पातळीला आले की टायर गोटा झाला असे समजतात. परंतु सात मिलिमीटर खाच शिल्लक असलेला दहा वर्षांचा टायर ओल्या रस्त्यावर कसा वागेल, याचे उत्तर या दंडकात मिळत नाही.

ते उत्तर टायरच्या भिंतीवर लिहिलेले असते. गाडीपाशी उकिडवे बसून, ओल्या फडक्याने धूळ पुसून पाहिले, तर ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार अंक दिसतात. हे अंक अनेकदा टायरच्या एकाच बाजूला असतात, म्हणून बाहेर दिसले नाहीत तर आतली बाजू पाहावी लागते. ‘२३१९’ असे अंक असतील, तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी आणि नक्षी कितीही असली तरी दहाव्या वर्षी निवृत्ती, असा संकेत टायर उद्योगात रूढ आहे. तथापि मराठवाड्याचा उन्हाळा आणि शेडमधील दीर्घ मुक्काम पाहता जाफराबादसारख्या ठिकाणी सहा–सात वर्षांनी टायर बदलणे हेच शहाणपणाचे आहे. स्टेपनीला, म्हणजे जादा चाकाला, हाच नियम लागू होतो, आणि ती तर अनेक गाड्यांमध्ये पहिल्या दिवसापासून तीच असते.

वयानंतर येते माप. ‘१९५/६५ आर १५ ९१ व्ही’ या ओळीतील १९५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी, ६५ म्हणजे भिंतीची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, ‘आर’ म्हणजे रेडियल, अर्थात ज्याच्या आतील धागे चाकाच्या मध्यापासून बाहेर आडवे टाकलेले असतात अशी बांधणी, आणि १५ हा रिमचा इंचांतील व्यास. ९१ हा भारांक एका टायरवर ६१५ किलो भार चालेल असे सांगतो, तर ‘व्ही’ हे वेगाचे अक्षर ताशी २४० किलोमीटरची मर्यादा दाखवते. ‘एच’ असेल तर ती २१० आणि ‘टी’ असेल तर १९० असते. ताशी १२० ची मर्यादा असलेल्या रस्त्यावर ‘व्ही’ टायर कशाला, असा प्रश्न दुकानात हमखास निघतो. हे अक्षर केवळ वेग सांगत नाही, तर त्या वेगाला निर्माण होणारी उष्णता पचवण्याची ताकद सांगते. म्हणून कंपनीने नेमून दिलेल्या अक्षराच्या खाली उतरणे हे उन्हाळ्यातल्या रस्त्यावर हातची सुरक्षितता सोडून देण्यासारखे आहे.

जुनी गाडी रुबाबदार दिसावी म्हणून मोठे रिम बसवण्याची हौसही सर्वत्र दिसते, आणि तिथे थोडे गणित करावे लागते. १९५/६५ आर १५ या टायरचा एकूण व्यास सुमारे ६३५ मिलिमीटर भरतो आणि २०५/५५ आर १६ चा सुमारे ६३२, त्यामुळे हा बदल जवळजवळ निर्धोक आहे. पण दुकानात उपलब्ध आहे म्हणून २०५/६५ आर १६ चढवला, तर व्यास ६७३ मिलिमीटर होतो, चाक मडगार्डला घासते आणि स्पीडोमीटर १०० दाखवत असताना गाडी १०६ ने धावत असते. तालुक्यातील खड्डे, गावोगावचे उंच गतिरोधक आणि रस्त्यावर पडलेली खडी लक्षात घेता भिंतीची उंची ५५ टक्क्यांच्या खाली नेऊ नये, कारण बुटक्या भिंतीचा टायर खड्ड्यात आपटला की रिम आणि रस्ता यांच्यामध्ये चिमटला जातो, आतले धागे तुटतात आणि भिंतीवर फुगा येतो. फुगा आलेल्या टायरची दुरुस्ती होत नाही.

जाफराबादच्या वाहनधारकाच्या दृष्टीने गेल्या काही वर्षांतला सर्वांत मोठा बदल म्हणजे जालना जिल्ह्यातून जाणारा समृद्धी महामार्ग. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग मुंबईजवळ ठाणे जिल्ह्यातील आमणेपर्यंत पोहोचला. आठवडाभर चाळीसच्या वेगाने गावात फिरलेली गाडी या काँक्रीटच्या सरळ रस्त्यावर तासन् तास शंभराच्या पुढे धावू लागते, तेव्हा टायरवरचा ताण मुळातूनच बदलतो. सुमारे ६३५ मिलिमीटर व्यासाचे चाक ताशी १२० च्या वेगाला सेकंदाला जवळजवळ सतरा वेळा फिरते, म्हणजे भिंतीचा प्रत्येक भाग रस्त्याला टेकताना सेकंदाला सतरा वेळा दबतो आणि सुटतो. हवा कमी असेल तर हे दबणे वाढते, त्यातून उष्णता वाढते, आणि वय झालेल्या रबरात पोलादी तारांचा पट्टा व वरचा थर यांची पकड सुटून टायर फुटतो. म्हणून हवा गाडी निघण्यापूर्वी, टायर गार असताना, स्वतःच्या मोजणीयंत्राने तपासावी. स्कोडासारख्या गाड्यांमध्ये योग्य आकडा पेट्रोलच्या झाकणाच्या आतील पट्टीवर छापलेला असतो, तर अनेक गाड्यांत तो चालकाच्या दाराच्या चौकटीवर सापडतो. तापमान दहा अंशांनी वाढले की टायरमधील दाब सुमारे दीड पॉइंटने चढतो, त्यामुळे प्रवासात वाढलेला दाब पाहून हवा सोडण्याची चूक अजिबात करू नये, कारण गार झाल्यावर तोच टायर बसका होतो. नायट्रोजन भरल्याने काही चमत्कार होत नाही, साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. नियमित मोजणी अधिक मोलाची.

दोनच नवे टायर घेणे शक्य असेल, तर ते मागे लावावेत. ऑक्टाव्हिया, पालियो यांची ओढ पुढच्या चाकांवर असल्यामुळे नवे टायर पुढे टाकण्याची पद्धत आहे. पण ओल्या रस्त्यावर पुढची चाके घसरली तर चालकाला ते स्टिअरिंगमध्ये जाणवते आणि वेग कमी करून सावरता येते, मागची चाके सुटली तर गाडी गर्रकन फिरते. जूनमधील पहिल्या सरींच्या सुमारास, शेतातून बाहेर पडणाऱ्या ट्रॅक्टरांच्या चाकांबरोबर काळी माती डांबरावर येते आणि तिचा साबणासारखा निसरडा थर बसतो, तेव्हा हा फरक जिवावरचा ठरतो.

ऑइलच्या निवडीत गोंधळ अधिक आहे. डब्यावरील ‘५ डब्ल्यू-४०’ या खुणेतील ‘डब्ल्यू’ हे अक्षर थंडीसाठी असते. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितके ऑइल गार इंजिनात लवकर वर चढते, आणि नंतरचा आकडा तापलेल्या इंजिनात ते किती दाट राहते हे सांगतो. पद्मिनी मोटारीसारख्या जुन्या, ढिल्या मापांच्या इंजिनाला २० डब्ल्यू-५० हे दाट ऑइल मानवत असे आणि तीच सवय गॅरेजांतून पुढे चालत आली. गाडी ऑइल खाते म्हटले की दाट ऑइल ओतायचे. व्हीआरएसच्या वीस व्हॉल्व्हच्या टर्बो इंजिनाला हा उपाय घातक आहे. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा आणि आत हवा दाबून भरणारा पंखा. त्याचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि केवळ ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. डिसेंबरच्या पहाटे दाट ऑइल त्याच्यापर्यंत उशिरा पोहोचते, आणि तेवढ्या क्षणांत धातूवर धातू घासतो. अशा इंजिनाला पूर्ण सिंथेटिक ५ डब्ल्यू-४० आणि डब्यावर फोक्सवॅगनची ५०२ ०० ही मान्यता असलेले ऑइल योग्य. दाटपणाच्या आकड्याइतकीच ही मान्यता महत्त्वाची आहे, कारण ती उष्णतेत ऑइल टिकण्याची हमी देते.

ही उष्णता गाडी थांबल्यावरच अधिक छळते. समृद्धीवरून उतरून लगेच चावी बंद केली, तर ऑइलचा प्रवाह थांबतो, लालबुंद झालेल्या टर्बोत अडकलेले ऑइल करपते आणि त्याचा कोळसा बारीक नळ्यांत साचतो. शेवटचे दोन-तीन किलोमीटर सावकाश चालवून, मिनिटभर इंजिन तसेच चालू ठेवणे एवढाच त्यावरचा उपाय आहे, आणि त्याला पैसाही लागत नाही.

उलट बाजूला, घर ते बाजार अशा छोट्या फेऱ्यांत ऑइल पुरेसे तापतच नाही. पेट्रोल जळताना तयार होणारी पाण्याची वाफ इंजिनात उतरते, न जळलेले पेट्रोल मिसळते, आणि गाळासारखा काळा चिकट थर ऑइलच्या चेंबरच्या तळाशी, तसेच पंपाच्या जाळीवर बसतो; जाळी तुंबली की वरच्या भागाला ऑइल मिळत नाही. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते, ते पाणी ओढून घेते, आणि या गाड्यांच्या रबरी नळ्या त्या मिश्रणासाठी बनवलेल्या नव्हत्या, त्यामुळे नळ्यांची पाहणीही याच वेळी उरकावी. नव्याने विकत घेतलेल्या जुन्या टर्बो गाडीचे चेंबर एकदा खाली उतरवून जाळी स्वच्छ करणे हा खर्च टाळण्याजोगा नाही. गाळ धुण्यासाठी मिळणारी जालीम औषधे इंजिनात ओतण्यापेक्षा चांगले ऑइल दोन वेळा लवकर, हजार-दीड हजार किलोमीटरांवर बदलावे, म्हणजे गाळ हळूहळू विरघळून निघतो आणि एकदम सुटून जाळीत अडकत नाही. त्यानंतर वर्षातून एकदा ऑइल आणि फिल्टर बदलायचेच, मग गाडी दोनच हजार किलोमीटर चाललेली असो.

रंगावरून ऑइलची पारख करणे मात्र सोडून द्यावे. चांगले ऑइल काजळी स्वतःत धरून ठेवते, म्हणून ते काळे होते. ऑइल मोजण्याची पट्टी काढून दोन बोटांत ऑइल चोळून पाहावे: कच लागली तर धातू झिजतो आहे, पेट्रोलचा उग्र वास आला तर इंधन मिसळते आहे, आणि ताकासारखा दुधाळ रंग दिसला तर पाणी शिरले आहे, या शेवटच्या स्थितीत गाडी सुरू न करता थेट ओढून गॅरेजला न्यावी. नामांकित कंपन्यांच्या रिकाम्या डब्यांत नकली ऑइल भरून विकण्याचे प्रकार होत असल्याने डबा सीलबंद पाहून, पावती घेऊन आणावा आणि रिकामा झाल्यावर त्याला खिळ्याने भोक पाडावे.

पेरणीच्या किंवा सोयाबीन-कापसाच्या हंगामात गाडी दोन-तीन महिने हलणार नसेल, तर ऑइल ती उभी करण्याआधी बदलावे, परतल्यावर नव्हे, कारण वापरलेल्या ऑइलमधील आम्ल त्या मुक्कामात बेअरिंगचा पृष्ठभाग खात राहते. टायरांत नेहमीपेक्षा चार-पाच पॉइंट हवा अधिक भरावी, चाकांखाली मातीऐवजी लाकडी फळ्या द्याव्यात, आणि दर पंधरवड्याला गाडी हातभर पुढे ढकलावी, म्हणजे एकाच जागी दबून टायर चपटा होत नाही.