परसातला देवकापूस

दादांनो, बायांनो, परसात चार हात जागा आहे ना? मग तिथे देवकापूस लावा. हे झाड एकदा लावले की काही वर्षे टिकते.

उन्हाची जागा पाहा. पाणी साचू देऊ नका. पावसाच्या तोंडी बोटाच्या एका पेराएवढ्या खोल दोन-तीन सरक्या टोका. रोपे वर आली की जोमदार एक ठेवा. पुढे फूल येते. फुलाचे बोंड होते. दीड-दोन महिन्यांत बोंड उकलते.

कापूस म्हणजे काय? सरकीच्या सालीवर वाढलेले केस. सरकी बोटांनी काढा. उरली ती रुई. तिच्या वाती वळा. टकळीवर सूत काढा. पोरांनाही शिकवा. घरची सरकी जपा, पुढे तेच बियाणे. शेतातल्या संकरित कपाशीचे तसे नाही. तिचे बी दरसाल नवे घ्यावे लागते.

आता शेतातला कापूस घ्या. दुकानाच्या काट्यावर ६० ग्रॅम तोला. सरकी काढा, रुई तोला. साधारण २० ग्रॅम भरेल. बाकी सारी सरकी. रुईचा उतारा जास्त, तर कापूस मोलाचा. हा हिशेब वहीत लिहा. मग बाजारात आपला माल कसा, ते आपणच सांगाल.