सोयाबीनचे दूध आणि सोयाचे दही

मागच्या हंगामातली गोष्ट. बाजाराच्या दिवशी देवगाव रंगारीजवळच्या एका वस्तीवरच्या आजी आठ महिन्यांच्या नातवाला घेऊन दवाखान्यात आल्या. पोराला चार दिवस जुलाब होत होते. तपासणी झाली, औषध लिहून दिले, तरी आजी उठेनात. मग हळूच म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, ह्याला वरचं दूध पचंना झालंय. घरात सोयाबीनची पोती पडलीत. त्याचंच दूध काढून पाजलं तर चालंल का?"

प्रश्न साधा असला तरी उत्तर एका शब्दात देण्याजोगे नव्हते. हाच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेने अनेकजण विचारतात. कोणाला दूध प्यायले की पोट फुगते, कोणी शहरात सोयाच्या दह्याचा डबा पाहून आलेला असतो, तर कोणाला भाव पडलेल्या सोयाबीनचे काय करावे याची चिंता असते. म्हणून आज या विषयाची थोडी मुळापासून ओळख करून घेऊ.

सोयाबीनचे दूध ही नवी टूम नव्हे. चीनमध्ये सोयाबीन भिजवून, वाटून, गाळून काढलेले दूध शेकडो वर्षे न्याहारीला पितात. ते दूध क्षार घालून नासवले की होते त्याला आपल्याकडे आता सोया पनीर म्हणतात. दही मात्र तिकडच्या परंपरेत नव्हते. सोयाच्या दुधाला विरजण लावण्याची कल्पना निघाली ती विसाव्या शतकाच्या आरंभी, तीही पॅरिसमध्ये. तेथील पाश्चर संस्थेतले शास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांनी त्या वेळी दह्यातील जिवाणूंनी आयुष्य वाढते असे प्रतिपादन केले होते आणि युरोपात दह्याचे वेड पसरले होते. त्याच शहरात ली यू-यिंग नावाच्या चिनी तरुणाने सोयाबीनच्या पदार्थांचा कारखाना काढला. १९१०च्या सुमारास त्याने सोयाच्या दुधाचे आणि त्यापासून होणाऱ्या पदार्थांचे एकस्व हक्कही घेतले. पुढे अमेरिकेत डॉ. केलॉग यांनी आणि शांघायमध्ये डॉ. मिलर यांनी सोयाचे दूध विशिष्ट जिवाणूंनी आंबवून रुग्णांसाठी व मुलांसाठी वापरले. मिलर यांचा शांघायचा कारखाना १९३७च्या युद्धात नष्ट झाला.

आपल्या महाराष्ट्रात हा प्रयोग पोहोचला तो वर्ध्याला, आणि त्यामागे होते महात्मा गांधी. गांधीजींनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत दूध सोडले होते. १९१८च्या मोठ्या दुखण्यानंतर प्रकृती सुधारेना, तेव्हा डॉक्टरांच्या आणि कस्तुरबांच्या आग्रहाने त्यांनी शेळीचे दूध घेणे मान्य केले, पण ही तडजोड त्यांच्या मनाला कायम टोचत राहिली. दुधाची जागा घेईल अशी एखादी वनस्पती सापडावी, याचा ध्यास त्यांनी सोडला नाही. १९३५ साली ते वर्ध्याच्या मगनवाडीत राहत होते. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या या जागेत ग्रामोद्योग संघाचे काम चाले, आणि तेथील स्वयंपाकघरात सोयाबीन शिजू लागले. त्याची हकीकत 'हरिजन' पत्रात छापून आली.

सोयाबीनची माहिती गांधीजींना मिळाली ती बडोदा संस्थानाकडून. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड मूळचे मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचे, म्हणजे आपल्यापासून फार लांबचे नव्हेत. त्यांच्या संस्थानात अन्नाची पाहणी करणारे एक खाते होते. त्या खात्याचे अधिकारी एफ. एस. काळे यांनी १९३६ साली सोयाबीनवर एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ काढला. लागवडीपासून दुधापर्यंत सर्व काही त्यात आहे, शिवाय शेकडो पाककृती! मराठी आडनावाच्या या माणसाचे नाव आज कोणाला ठाऊक नाही, याची मला तरी खंत वाटते.

मग मगनवाडीचा प्रयोग रुजला का नाही? एक तर त्या काळी विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन पिकतच नव्हते. दुसरे कारण वासाचे. सोयाबीन थंड पाण्यात वाटले की त्यातील एक पाचकद्रव्य तेलावर काम करते आणि कच्च्या शेंगेसारखा उग्र दर्प सुटतो. घरातले माणूस एकदा घोट घेते, दुसऱ्यांदा पेला पुढे ढकलते. हा वास घालवण्याची युक्ती १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी शोधली. वाटताना पाणी उकळते घ्यायचे, म्हणजे ते पाचकद्रव्य काम सुरू करण्याआधीच निकामी होते. युक्ती इतकी सोपी की आपल्या बायकांना कोणी आधी विचारले असते तर कदाचित तेव्हाच सापडली असती.

खुद्द गांधीजींनी १९४२ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना आरोग्यावर जे पुस्तक लिहिले, त्यात शाकाहारी माणसाला प्रकृती ठणठणीत ठेवायची तर दूध-दही लागते, असे आपला अनुभव सांगतो, हे प्रांजळपणे मान्य केले. तीस वर्षे शोध घेतलेल्या माणसाची ही कबुली आहे, ती लक्षात ठेवावी.

त्यानंतर परिस्थिती पालटली. जबलपूर आणि पंतनगरच्या कृषी विद्यापीठांनी १९६०च्या दशकात सोयाबीनचे पीक देशात आणले. पुण्याच्या आघारकर संस्थेने आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाने आपल्या हवामानाला मानवणारे वाण दिले, आणि लातूरची बाजारपेठ सोयाबीनच्या नावाने ओळखली जाऊ लागली. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेत सोयाचे दूध व पनीर करण्याचे प्रशिक्षण मिळू लागले. तरीही आपला शेतकरी सोयाबीन पिकवतो आणि विकून टाकतो. तेल गिरणीत निघते व पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते. शंभर ग्रॅम सोयाबीनमध्ये सुमारे चाळीस ग्रॅम प्रथिने असतात, तुरीच्या डाळीच्या जवळजवळ दुप्पट. ज्या घरात हे धान्य पोत्याने भरलेले असते, त्याच घरातली मुले हडकुळी दिसली की मन खिन्न होते.

आता मुख्य मुद्दा. सोयाचे दूध गाईच्या दुधाची बरोबरी करते का? प्रथिनांच्या बाबतीत, दूध फार पातळ केले नाही तर, जवळपास करते. स्निग्धांश कमी असतो, जातही चांगली असते. चुन्याच्या म्हणजे कॅल्शियमच्या बाबतीत मात्र ते फार मागे पडते. गाईच्या शंभर ग्रॅम दुधात सुमारे १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, घरी काढलेल्या सोयाच्या दुधात त्याच्या पाचव्या हिश्श्याइतके किंवा त्याहूनही कमी. आणि बी-१२ जीवनसत्त्व तर त्यात मुळीच नसते. मांस, मासे, अंडी न खाणाऱ्या घरात हे जीवनसत्त्व मिळते ते दूध, दही, ताक यांतूनच. तेही बंद करून केवळ सोयावर राहिल्यास काही वर्षांनी हातापायांना मुंग्या, थकवा, रक्तक्षय अशा तक्रारी सुरू होऊ शकतात. कंपन्यांच्या डब्यांत हे दोन्ही घटक वरून मिसळलेले असतात, पण सगळ्यांतच नाही. लेबल वाचून घ्यावे. त्या डब्यावर 'दूध' किंवा 'दही' हा शब्द दिसला नाही तर गोंधळू नये. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ साली वनस्पतिजन्य पदार्थांना दुग्धजन्य पदार्थांची नावे लावण्यास मनाई केल्यामुळे तो माल 'सोया पेय' अशा नावाने मिळतो.

दूध प्यायल्यावर पोट फुगते म्हणून सोयाकडे वळणाऱ्यांनी आधी एक गोष्ट करून पाहावी. हा त्रास बहुधा दुधातील साखर न पचल्याने होतो, आणि विरजण लागल्यावर ती साखर बरीच कमी होते. दूध न मानवणाऱ्या पुष्कळ माणसांना ताक निमूट पचते. त्यांनी सोयाच्या दह्यामागे धावण्याचे कारण नाही. ज्यांना दुधातील प्रथिनांचीच वावडी आहे, म्हणजे दूध पोटात जाताच अंगावर गांधी उठतात किंवा दम लागतो, त्यांची गोष्ट निराळी. अशांना सोया उपयोगी पडू शकते. पण त्यातल्या काहींना, विशेषतः लहान मुलांना, सोयाचीही वावडी निघते, तेव्हा सल्ल्याशिवाय प्रयोग नको.

घरी करून पाहायचे असेल त्यांच्यासाठी कृती. एक वाटी सोयाबीन निवडून आठ तास भिजवावे. पाणी फेकून दाणे उकळत्या पाण्यात पाच मिनिटे ठेवावेत, चिमूटभर खाण्याचा सोडा घातल्यास वास अधिक कमी होतो. चोळून साले काढावीत आणि सहा-सात वाट्या कडकडीत पाणी थोडे थोडे घालीत वाटून जाड फडक्यातून गाळावे. हे दूध पंधरा-वीस मिनिटे ढवळीत उकळावे. लवकरच भसाभस फेस वर येईल, पण तो आला म्हणजे दूध उकळले असे नव्हे. आच कमी करून पुढे उकळतच राहावे. यात कसूर करू नये. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिने पचू न देणारा एक घटक असतो. कच्चे सोयाबीन खाणाऱ्या उंदरांची वाढ खुंटते आणि शिजवून दिले की होते, हे ऑस्बॉर्न आणि मेंडेल या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९१७ सालीच दाखवून दिले होते.

कोमट झाल्यावर अर्ध्या लिटरला एक चमचा साखर घालून विरजण लावावे. साखर यासाठी की सोयाच्या दुधात जनावराच्या दुधातली साखर नसते, आणि विरजणाला काहीतरी खायला हवे. दुधाचे विरजण चालत नसेल तर हिरव्या मिरचीची देठे टाकावीत. आपल्या आज्या विरजण संपले की हेच करीत. सहा-आठ तासांत दही लागते. ते म्हशीच्या दह्यासारखे घट्ट नसते आणि आंबटपणाही जरा वेगळा, पण कढीला किंवा कोशिंबिरीला चालून जाते. उरलेला चोथा टाकू नये, थालीपिठात घालावा.

थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी सोयाचा पदार्थ आणि गोळी यांत तीन-चार तासांचे अंतर ठेवावे, कारण सोयामुळे गोळी अंगी लागत नाही. सोया खाल्ल्याने पुरुषांचे पौरुष कमी होते ही भीती मात्र नेहमीच्या आहारातल्या प्रमाणाला लागू नाही.

आजींना मी 'नाही' म्हटले. वर्षाच्या आतल्या बाळाला घरचे सोयाचे दूध हे दूध म्हणून कधीही देऊ नये. कॅल्शियम, लोह, जीवनसत्त्वे यांचा मेळ त्यात बसत नाही आणि बाळ सुकत जाते. तान्ह्या मुलांसाठी सोयाची खास पावडर असते, ती डॉक्टर सांगतील तेव्हाच. जुलाबानंतर काही दिवस वरचे दूध न पचणे नेहमीचे आहे. त्या बाळाला मी आईचे दूध चालू ठेवायला, जलसंजीवनी पाजायला, जस्ताचे औषध चौदा दिवस द्यायला आणि मऊ भातात ताजे दही कालवून भरवायला सांगितले. सोयाबीनचे म्हणाल तर, दळणात किलोभर गव्हामागे मूठभर, भाजून, घालायला सांगितले. ते मोठ्यांच्या पोळीसाठी.

"मंग पोती इकून टाकू का?" आजींनी जाताना विचारले. पायलीभर तरी घरात ठेवा, असे मी म्हटले.