तोरणाखालचं जनमत

पिठोरी अमावस्येला रामटेकच्या आसपासच्या गावांत आखरावर, म्हणजे गावच्या मोकळ्या मैदानात, पोळा भरतो. सजलेल्या बैलजोड्या तोरणाखाली उभ्या राहतात आणि कुणीतरी खड्या आवाजात झडती म्हणतो. मोजक्याच ओळी, यमकात बांधलेल्या. कधी महादेवाचं स्मरण, कधी बैलाचं कौतुक, आणि मधेच सावकाराला, पुढाऱ्याला, धानाचा भाव पाडणाऱ्याला सणसणीत टोला. शेवटी ‘हर बोला’ आलं की सारं आखर गर्जतं, ‘हर हर महादेव!’ मग पोळा फुटतो.

त्या गर्जनेत केवढं काही घडून जातं! सावकार लुबाडतो हे प्रत्येकाला आधीपासून ठाऊक असतं. शेजाऱ्यालाही तसंच वाटतं, हे मात्र ठाऊक नसतं. झडतीवर सगळे एकदम हसतात, तेव्हा ज्याला त्याला कळतं की आपण एकटे नाही. मनातल्या कुरबुरीचं जनमत होतं ते असं. ज्याला टोला बसला तो समोरच उभा असला, तरी सणाच्या दिवशी चिडायची सोय नाही. चिडला तर टोला वर्मी लागल्याची कबुलीच!

दुसऱ्या दिवशी सुमारे 50 किलोमीटरवरच्या नागपुरात हेच बळ रस्त्यावर उतरतं. मारबत म्हणजे मिरवणुकीतला मोठा पुतळा. काळी मारबत 1881 पासून निघते, पिवळी 1885 पासून. काळी म्हणजे इंग्रजांना सामील झालेल्या बांकाबाई भोसले, असं नागपूरकर पिढ्यानपिढ्या सांगत आले आहेत. काळ कोणता, तेही पाहा. 1878 मध्ये लॉर्ड लिटननं देशी भाषांतल्या वृत्तपत्रांना कायद्यानं वेसण घातली होती. पण वृत्तपत्राचा कायदा पुतळ्याला कसा लावणार? मारबतींसोबत बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळेही, निघतात. त्यांवर दरवर्षी नवा विषय: महागाई, भ्रष्टाचार, त्या त्या वेळचे नेते. ‘घेऊन जा गे मारबत!’ अशी हाळी उठते आणि शेवटी पुतळे जाळले जातात.

नागपूरच्या भोसल्यांचं राज्य 1854 मध्ये खालसा झालं, 1947 मध्ये इंग्रजही गेले. मारबत मात्र निघतेच आहे. उपहासाच्या दीर्घायुष्याचं मर्म इथे दिसतं: साचा जुना, नेम नवा. आणि झडतीचा मूळ कर्ता कोण, हे कुणी विचारत नाही. ती म्हणणाऱ्या प्रत्येकाची होते. मग सत्तेनं तोंड बंद करायचं तरी कुणाकुणाचं?