तेविसाव्या वर्षी म्हातारा!

मुरुडला दिवाळीत क्रिकेटचा सामना ठरतो तो पंचांग पाहून. तिथीवरून ओहोटीची वेळ काढायची आणि पाणी मागे सरले की स्टंप रोवायचे. ओली वाळू तेवढा वेळ सिमेंटसारखी घट्ट असते. टेनिसचा चेंडू तिच्यावर झकास उसळतो. भरती लागली की खेळ संपला. या बाबतीत समुद्र पंचापेक्षा कडक. त्याच्याकडे अपील चालत नाही.

या सामन्याला वयाची अट नाही. गेल्या दिवाळीत आमच्या आळीच्या संघात सर्वांत लहान खेळाडू अकरा वर्षांचा होता आणि सर्वांत मोठे शेजारचे अण्णा. वय छप्पन्न, धंदा सुपारीचे आगर. अण्णांना आम्ही पाण्याच्या बाजूला उभे करतो. तिकडे चेंडू फारसा जात नाही, आणि गेलाच तर लाट तो परत आणून देते. पण षटके मात्र त्यांना पुरी चार. दोन पावले चालायचे आणि हात फिरवायचा. त्या दिवशी त्यांनी चार षटकांत नऊ धावा दिल्या. माझा पुतण्या रीतसर मैदानावर शिकलेला मध्यमगती गोलंदाज. त्याने तीन षटकांत एकतीस दिल्या. हसू नका, वाळूवर असे होते.

पण तो स्वतःही हसला नाही, आणि त्याचे कारण वाळू नव्हते. त्या सप्टेंबरात तो 23 वर्षांखालील गटातून वयाने बाद झाला होता. सोळा, एकोणीस, तेवीस अशा पायऱ्या तो चढत आला. दोनदा संभाव्य खेळाडूंच्या यादीत नाव लागले, अंतिम संघात एकदाही नाही. पुण्याच्या एका कंपनीचे नेमणुकीचे पत्र घरी येऊन पडले होते आणि त्याला उत्तर गेले नव्हते.

रात्री पडवीत दादा म्हणाला, “तू समजाव त्याला. तू खेळला आहेस, तुझं ऐकेल.” वहिनी काही बोलल्या नाहीत, चकल्यांचे ताट पुढे सरकवून आत गेल्या.

माझे खेळणे म्हणजे मुंबईच्या कांगा लीगमध्ये, आणि तेही अगदी खालच्या डिव्हिजनमध्ये. डॉ. होरमसजी कांगा यांच्या नावाची ही स्पर्धा 1948 साली सुरू झाली ती भर पावसाळ्यात खेळायची म्हणून. ओल्या खेळपट्टीवर चेंडू कधी उडतो, कधी बसतो. तिथे मी एक गोष्ट वर्षानुवर्षे पाहिली. विशीतला पोरगा तीन चौकार मारून चौथ्या चेंडूवर झेल देऊन परत यायचा, आणि पोट सुटलेला, चाळिशीकडे झुकलेला कुणी बँकेतला गृहस्थ तासभर उभा राहून सामना काढून द्यायचा. डोळा आणि पाय यांच्या बाबतीत पोरगा कितीतरी सरस. पण कोणता चेंडू सोडायचा हे गृहस्थाला ठाऊक. तरीही वरच्या संघासाठी माणूस हेरायला कुणी आलेच, तर तो त्या पोराचेच नाव टिपून घेई. त्या वेळी मला हा अन्याय वाटे.

अमेरिकेतल्या बेसबॉलविषयी वाचले तेव्हा त्यातले गणित कळले. तिकडे मोठ्या संघांच्या खाली शिकाऊ संघांची शिडीच असते. खेळाडूने एखाद्या पायरीवर काय केले याच्या आधी ते कितव्या वर्षी केले हे पाहतात. त्या पायरीवर बहुतेक मुले बावीस-तेवीस वर्षांची असताना एखादा एकोणिसाव्या वर्षी त्यांच्या बरोबरीने खेळत असेल, तर तो अजून वाढायचा आहे. तेच आकडे पंचविसाव्या वर्षी काढणारा बहुधा वाढून झालेला असतो. आकडे तेच, अर्थ निराळा. खेळाडूचा ऐन बहर साधारण सव्वीस ते अठ्ठावीसच्या आसपास असतो असे त्यांचा अनुभव सांगतो. म्हणून बहराआधीच त्याला हेरायचे.

आपल्याकडेही हेच चालते, फक्त कुणी उघड बोलत नाही. सचिन तेंडुलकरने डिसेंबर 1988 मध्ये गुजरातविरुद्ध रणजीच्या पहिल्याच सामन्यात नाबाद 100 केल्या. शंभर धावा पुष्कळांनी केल्या आहेत. तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता, यात सगळे आले. वयाला इतके मोल आले म्हणूनच तर ते चोरण्याची पाळी आली, आणि सोळा वर्षांखालील मुलांच्या मनगटाचे एक्स-रे काढून हाडांवरून वय ठरवू लागले. वर्ष 1 सप्टेंबरपासून मोजतात. सप्टेंबरात जन्मलेला मुलगा आणि पुढच्या ऑगस्टात जन्मलेला मुलगा एकाच गटात येतात. तेराव्या-चौदाव्या वर्षी ते अकरा महिने म्हणजे तळहाताएवढी उंची!

“म्हणजे मी संपलो,” पुतण्या म्हणाला.

दादाला हेच हवे होते. पण मला ते तसेच सोडवेना, म्हणून मी प्रोफेसर देवधरांची गोष्ट काढली. दि. ब. देवधर पुण्याच्या स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवीत. जन्म 1892 चा. भारत पहिली कसोटी 1932 साली खेळला तेव्हा ते चाळीस वर्षांचे होते. कसोटी त्यांच्या वाट्याला आलीच नाही. पण 1939-40 आणि 1940-41 अशी लागोपाठ दोन वर्षे महाराष्ट्राने रणजी करंडक जिंकला तो त्यांच्या नेतृत्वाखाली, आणि मुंबईविरुद्ध त्यांनी 246 धावा काढल्या त्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. पन्नाशी उलटल्यावर एका सामन्यात दोन्ही डावांत शतके. अर्थात तेव्हा वर्षाकाठी सामने मोजके आणि खेळपट्ट्या फलंदाजाच्या लाडक्या, हेही त्याला सांगितले. पोराला अर्धे सत्य सांगू नये.

वसीम जाफरचे उदाहरण मला अधिक पटते. 2018-19 च्या हंगामात विदर्भाने सलग दुसऱ्यांदा रणजी जिंकली, त्यात त्याच्या 1037 धावा होत्या, वय चाळीस. क्षेत्ररक्षणाला स्लिपमध्ये उभा, फलंदाजीत एकही हालचाल फुकट नाही.

“ते फलंदाज, काका. मी गोलंदाज आहे.”

खरे होते. चेंडूचा वेग हा पायांतून आणि पाठीतून येतो, आणि शरीर आपले देणे आधी तिथेच परत मागते. गोलंदाजांत म्हातारपणापर्यंत टिकतात ते फिरकीवाले. पद्माकर शिवलकर 1961-62 पासून 1987-88 पर्यंत मुंबईकडून खेळले. 1972-73 च्या अंतिम सामन्यात चेपॉकवर त्यांनी तामिळनाडूचे दोन्ही डावांत मिळून 34 धावांत 13 गडी बाद केले. कसोटी मात्र नाही. त्यांच्या रांगेत बिशनसिंग बेदी होते, तसेच डावखुरे आणि वयाने सहा वर्षांनी लहान.

आणि प्रवीण तांबे! मुंबईच्या मैदानांवर आणि कंपन्यांच्या सामन्यांत वर्षानुवर्षे खेळणारा हा माणूस 2013 साली, प्रथम दर्जाचा एकही सामना गाठीशी नसताना, एकेचाळिसाव्या वर्षी आयपीएलमध्ये उतरला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मुंबईसाठी पहिला रणजी सामना. पुढल्या वर्षी कोलकात्याविरुद्ध हॅट्ट्रिक. लोक त्याच्या चिकाटीच्या कथा सांगतात. पण मला त्यातले दुसरेच महत्त्वाचे वाटते. तो आधी मध्यमगती टाकत असे, आणि नंतर लेगस्पिनकडे वळला. नाहीतर एकेचाळिसाव्या वर्षी कोण विचारतो?

मुरुडात बसून वयाचा विषय निघाला आणि महर्षी कर्वे आठवले नाहीत असे होत नाही. या गावात वाढलेल्या अण्णासाहेबांनी 1916 साली महिला विद्यापीठ काढले ते अठ्ठावन्नाव्या वर्षी. म्हणजे कारकून पेन्शनीचे कागद भरतो त्या वयात. दादाने मोठ्या उत्साहाने हे ऐकवले.

“बाबा, कर्व्यांना नवा चेंडू टाकायचा नव्हता,” पुतण्या म्हणाला.

मग मी त्याला सरळच सांगितले. मध्यमगती गोलंदाज म्हणून वरचा दरवाजा जवळजवळ लागला आहे. त्याच वेगाने टाकणारे एकोणीस वर्षांचे सहाजण निवडणाऱ्यांपुढे उभे आहेत, आणि मी त्यांच्या जागी असतो तर मीही त्यांतलाच एक घेतला असता. नोकरी घे. देवधरांनीही शिकवण्याची नोकरी सांभाळूनच खेळ केला. फक्त खेळ सोडायचे कारण वय आहे असे स्वतःला सांगू नकोस. वय तुझ्या एका चेंडूचे झाले आहे.

दादा माझ्यावर थोडा रागावला. त्याच्या मते मी निम्मेच काम केले होते.

दुसऱ्या दिवशी ओहोटी सकाळी साडेआठच्या सुमाराला होती. मी चहा घेऊन किनाऱ्यावर पोचलो तेव्हा सामना सुरू व्हायचा होता. पुतण्या अण्णांच्या शेजारी उकिडवा बसला होता आणि अण्णा चेंडू बोटांत धरून त्याला काही दाखवीत होते. शिवण नसलेला टेनिसचा चेंडू. त्यात दाखवण्यासारखे ते काय असणार? पण तो पाहत होता.

मला पाहून उठला आणि वाळू झटकत म्हणाला, “काका, त्या पत्राला आज उत्तर देतो. एक विचारायचं होतं. तिथे शनिवारी पूर्ण सुटी असते का अर्धी?”