मॉरिशस : ऊस, जमीन आणि नोंदवहीतली माणसे

मॉरिशसमधील मोका या गावी महात्मा गांधी संस्थेत काही जुन्या, जाडजूड नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिशांनी हिंदुस्थानातून ऊसमळ्यांवर जे मजूर नेले, त्यांची ही नोंद. क्रमांक, नाव, बापाचे नाव, उंची, अंगावरची खूण, जिल्हा, गाव आणि जात. या मजुरांचे पणतू-खापरपणतू आज तिथे येतात, नाव शोधतात आणि आपले मूळ गाव सांगणारा कागद घेऊन जातात.

त्याच मातीत या मजुरांच्या आधी शंभर वर्षे राबलेल्या आफ्रिकी गुलामांच्या वंशजांना असा कागद मिळत नाही. त्यांचे पूर्वज मादागास्कर आणि मोझांबिककडून पकडून आणले गेले. नाव मालकाने ठेवले. कधी महिन्यावरून, कधी टिंगल म्हणून. नोंद झाली ती मालमत्ता म्हणून. आपल्याकडे मॉरिशसला 'छोटा भारत' म्हणून कौतुकाने मिरवतात. ते कौतुक करताना ही दुसरी माणसे सहसा नजरेतून सुटतात.

हे बेट अवघे १,८६५ चौरस किलोमीटरचे. मूळचा रहिवासी असा कुणी नव्हताच. डच १५९८ मध्ये आले आणि १७१० मध्ये सोडून गेले. १७१५ मध्ये फ्रेंचांनी ताबा घेतला आणि गुलामांच्या श्रमावर वसाहत उभी केली. १८१० मध्ये ब्रिटिशांनी बेट जिंकले, पण फ्रेंच मळेवाल्यांची जमीन, भाषा, कायदा यांना हात लावला नाही. राज्य बदलले, जमिनीचा मालक तोच राहिला. पुढचा सगळा इतिहास समजण्यासाठी एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

१ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी कायद्याने संपली. साठ हजारांहून अधिक माणसे मुक्त झाली. भरपाई म्हणून ब्रिटिश सरकारने वीस लाखांहून अधिक पौंड मोजले, ते मालकांना. गुलामाला काय मिळाले? 'उमेदवारी'च्या नावाखाली त्याच मालकाकडे आणखी चार वर्षे सक्तीची चाकरी. ती १८३९ मध्ये संपताच बहुतेकांनी मळ्याकडे पाठ फिरवली. कुणी मासेमारी धरली, कुणी कारागिरी, कुणी डोंगरउतारावर पडीक जमिनीत झोपडी घातली. मळेवाले म्हणू लागले, हे लोक आळशी. ज्या शेतात चाबूक खाल्ला त्या शेतात पुन्हा न जाणे याला आळस म्हणतात काय?

मळेवाल्यांचे अडले नाही, कारण नवा मजूर आधीच उतरला होता. २ नोव्हेंबर १८३४ ही करारबद्ध मजुरीच्या आरंभाची तारीख. म्हणजे गुलाम मोकळा होण्यापूर्वीच त्याच्या श्रमाचा भाव पाडण्याची तजवीज झालेली होती. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसे पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली. करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये आणि शिधा. एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांचा पगार कापायचा, ही 'दुहेरी कपात'. १८६७ च्या कायद्याने जुन्या मजुराला फोटो लावलेला परवाना सतत जवळ बाळगणे भाग पडले. नसला की तुरुंग. आदोल्फ द प्लेवित्झ या युरोपियन माणसाच्या मदतीने १८७१ मध्ये ९,४०१ मजुरांनी सह्या-अंगठ्यांचा अर्ज केला, तेव्हा कुठे चौकशी आयोग आला.

आता नोंदवहीतल्या शेवटच्या रकान्याकडे वळू. काळे पाणी ओलांडले की जात बुडते, अशी समजूत होती. ती निम्मी खरी ठरली. जहाजावर सगळ्यांनी एकाच कढईतले खाल्ले, मळ्यावर सगळ्यांच्या हाती एकच कोयता आला. जातवार धंदे आणि पंक्तिभेद टिकणे कठीण होते. पण उच्चनीचता टिकली. उत्तर हिंदुस्थानातून गेलेल्यांत महाराज-बाबूजी, वैश, रजपूत, रविवेद अशी उतरंड आजही लोकांना पाठ आहे. रविवेद म्हणजे चर्मकार समाजातून गेलेले लोक. त्यांनी नाव बदलले, सभा स्थापल्या, आर्य समाजाचा आधार घेतला. नाव बदलले तरी सोयरीक जुळवताना आणि निवडणुकीत उमेदवार ठरवताना जुना रकाना उघडला जातोच. आपल्याला हे ओळखीचे आहे.

मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातले कुणबी, मराठा, महार होते. कॅस्कव्हेलचे देऊळ, झाकरीची गाणी, गणेश चतुर्थीची सार्वजनिक सुट्टी, शाळेत शिकवली जाणारी मराठी, हे सारे त्यांनी राखले. इकडून जाणारे पाहुणे तिथे मराठी ऐकून भारावतात. कोकणातला महार तिथे कोण झाला, हे विचारणारा पाहुणा माझ्या पाहण्यात नाही.

जमिनीचा प्रश्न मात्र जातीहून मोठा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात साखरेचे भाव घसरले, तेव्हा मळेवाल्यांनी हलक्या जमिनीचे तुकडे पाडून विकले. पोटाला चिमटा घेऊन साठवलेल्या पैशांतून हिंदी मजुरांनी ते घेतले. मोठे मळे आणि साखर कारखाने गोऱ्यांकडेच राहिले. छोट्या शेतकऱ्याचा ऊस त्यांच्याच काट्यावर जाई. १९३७ मध्ये उबा जातीच्या उसाचा भाव कापला तेव्हा संप झाला, गोळीबार झाला. १९४३ मध्ये बेल व्ह्यू हारेल येथे पुन्हा गोळीबार. त्यात अंजले कुपेन ही गरोदर मजूर स्त्री पडली. १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला. पुढे युरोपच्या हमीभावाने साखर तगली, १९७० नंतर निर्यातीच्या कपडा कारखान्यांनी हजारो बायकांना काम दिले. २००९ मध्ये हमीभावाचा करार संपला. तोवर मळेवाल्यांची घराणी हॉटेल आणि बँकेत शिरली होती. २००२ पासून उसाच्या रानात परदेशी श्रीमंतांसाठी बंगलेही उठू लागले होते.

गुलामांच्या वंशजांना, म्हणजे क्रिओलांना, या वाटपात काय आले? राज्यघटनेने लोकांचे हिंदू, मुस्लिम, चिनी आणि उरलेले 'सर्वसाधारण' असे गट पाडले. गुलामाचा पणतू आणि गुलामाच्या मालकाचा पणतू, दोघेही त्या चौथ्या गटात. १९९९ च्या फेब्रुवारीत काया हा क्रिओल गायक पोलीस कोठडीत मेला आणि बेट काही दिवस पेटले. २००९ मध्ये सत्य व न्याय आयोग बसला. २०११ च्या त्याच्या अहवालात हिरावलेल्या जमिनींच्या तक्रारी आहेत. ज्या क्रिओल बोलीत सारा देश बोलतो, ती शाळेत शिकवायला २०१२ उजाडावे लागले.

बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला ल मोर्न हा कडा आहे. पळालेले गुलाम तिथे लपत. मुक्तीची बातमी द्यायला शिपाई आले, तेव्हा ते आपल्याला पकडायलाच आले असे समजून माणसांनी कड्यावरून उड्या टाकल्या, असे लोक सांगतात. दर वर्षी १ फेब्रुवारीला पायथ्याशी माणसे जमतात. बकऱ्याच्या कातड्याची रवान विस्तवावर शेकून घेतात आणि सेगा सुरू होतो. त्याच पायथ्याशी समुद्राच्या बाजूला आलिशान हॉटेले आहेत.