दंड भरला, ऋण फिटलें काय?

सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतील शिक्षणाचा मोठा भार रयतेच्या करांतून उचलला जातो. त्याच्या मोबदल्यांत पदवीनंतर सार्वजनिक रुग्णालयांत सेवा करण्याचा करार महाराष्ट्र सरकार विद्यार्थ्याकडून लिहून घेतें. अशा अटी वैध असल्याचा निवाडा सर्वोच्च न्यायालयानें २०१९ सालीं दिला आहे. तरीहि दंड भरला कीं आपण सुटलों, असें कित्येकांस वाटतें. आमच्या व्यापारी वाचकांसच आम्ही विचारतों, हें कर्ज का केवळ रुपयांचें आहे? खेड्यांत अडलेल्या बाळंतिणीस दंडाची रक्कम काय कामाची? तिला त्या घटकेस डॉक्टर पाहिजे. मात्र सरकारनेंहि औषधें, राहावयास घर व वेळेवर वेतन देऊन आपली बाजू पाळावी. औषधावांचूनच्या दवाखान्यांत डॉक्टर बसवून ठेवल्यानें कोणाचेंच ऋण फिटत नाहीं.